टीव्हीमागचा वॉचमन

मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या आमच्या फ्लॅटवर नेट जोडायला आलेल्या पोराला मी सहज विचारलं, ‘राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड काय ठेवलास?’ तो म्हणाला, ‘सगळ्यांचा सेमच असतो, मॅडम.’ बॉस, धक्काच!

टीव्हीमागे दडलेला तो डबा म्हणजे चक्क छोटा कॉम्प्युटर. प्रोसेसर, मेमरी, सगळं हजर. मागचं ‘वॅन’ लिहिलेलं पोर्ट म्हणजे रस्त्याकडचं गेट, ‘लॅन’वाली घरातली दारं. घरातल्या प्रत्येक मोबाइल-लॅपटॉपला तो आतला नंबर देतो आणि बाहेरून आलेलं डेटाचं पॅकेट ज्याचं त्यालाच पोचवतो. थोडक्यात, सोसायटीचा वॉचमन. आणि त्याच्या केबिनची किल्ली सगळ्या गल्लीकडे!

२०१६मध्ये ‘मिराय’ नावाच्या मालवेअरने नेमकं हेच हेरलं. फॅक्टरीतून आलेले पासवर्ड टाकून त्याने जगभरचे राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच गर्दीने ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास अडखळले.

तेव्हा पाच मिनिटं काढाच. राउटरखालच्या स्टिकरवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, ब्राउजरमध्ये टाका आणि ॲडमिनचा पासवर्ड बदला. वाय-फायचा वेगळा, हां! तो बदलून हे काम होत नाही. जमल्यास डबा टीव्हीमागून काढून उंचावर ठेवा. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फास्ट, पण भिंतीपुढे नाजूक. लांबच्या खोलीसाठी २.४च बरा.

नवा पासवर्ड विसरलात तर मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा. फक्त त्याआधी नेटवाल्याकडून युजरनेम लिहून घ्या, कारण सगळं पुसलं जातं. ॲडमिनचा जुना पासवर्ड मात्र परत येतो.