भातखाचरातील सेंद्रिय शेतीचा हिशेब

पुण्याच्या दक्षिणेस सुमारे 50 किलोमीटरांवरील भोर शहराजवळचे उत्रोली, तसेच भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील डोंगरपायथ्याची इतर गावे ही प्रामुख्याने भाताची गावे असून, तेथील लहान कुटुंबाने सेंद्रिय शेती करायची म्हटले की विचार फवारणीपासून नव्हे, तर शेणखतापासून सुरू करावा लागतो. सेंद्रिय शेती म्हणजे रासायनिक खते व कीटकनाशके वर्ज्य करून जमिनीची सुपीकता शेण, पालापाचोळा, द्विदल पिके आणि जमिनीतील सूक्ष्मजीव यांच्या आधारे टिकवण्याची पद्धत. परंतु भाताला लागणारे नत्र, म्हणजे पानांच्या व फुटव्यांच्या वाढीचे मुख्य अन्नद्रव्य, तेवढ्याने आपोआप मिळत नाही.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्राचे प्रमाण साधारण अर्धा टक्का असते, म्हणजे एकरी 4 टन खतातून सुमारे 20 किलो नत्र जमिनीत जाते आणि त्यातलाही काही भागच पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागतो. दोन जनावरांचे मिळून दिवसाला 20 किलो शेण धरले, तर वर्षाचे 7 टनांच्या आसपास भरते, आणि ते कुजून निम्म्यावर आले की त्यात एक एकरही पुरा भागत नाही. या हिशेबापुढे जीवामृताची लोकप्रियता जरा तपासून पाहावी लागते. सुभाष पाळेकर यांनी प्रसिद्ध केलेल्या या द्रावणात 200 लिटर पाण्यामागे 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती असते. त्याने सूक्ष्मजीवांना चालना मिळते असे मानले जाते, पण खताची तूट भरून काढण्याइतके अन्नद्रव्य त्यात नसते, हे अनेकदा सांगितलेच जात नाही.

ही तूट भरते ती बांधावरच्या गिरिपुष्पाच्या कोवळ्या पाल्याने, लावणीपूर्वी चिखलात गाडलेल्या ताग किंवा धैंच्याने, आणि भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर घेतलेल्या हरभरा, मसूर, वाल यांसारख्या पिकांनी, कारण या द्विदलांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात. याउलट राब भाजण्याच्या जुन्या रीतीत, म्हणजे रोपे टाकायच्या जागेवर पाला, गवत व शेण पसरून जाळण्यात, तण व किडींचा बंदोबस्त होतो खरा; पण कुजवता आला असता असा पाला जळतो आणि त्यातील नत्र धुरावाटे निघून जाते.

रोगकिडींचा बंदोबस्त त्या मानाने सोपा आहे. बियाणे 3 टक्के मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे पोचट व रोगट दाणे काढावेत आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सुकवावे. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडले की त्यांवरील खोडकिडीचे अंडीपुंजही जातात.

खरी अडचण पाण्याची आहे. खाचरे उतारावर पायऱ्यांसारखी असल्याने वरच्या खाचरातील पाणी बांधावरून खालच्यात उतरते आणि त्याबरोबर शेजाऱ्याचा युरिया व तणनाशकही येते, त्यामुळे एकट्या कुटुंबाचा निर्धार अपुरा पडतो. म्हणूनच ‘पीजीएस-इंडिया’ ही सहभागी हमी पद्धत, जिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतो, या भूरचनेला त्रयस्थ संस्थेच्या खर्चिक प्रमाणीकरणापेक्षा अधिक मानवते. एकाच ओघळीवरची कुटुंबे गटात आली तर कागदावरची हमी खाचरातही खरी ठरते. त्रयस्थ प्रमाणीकरणाच्या राष्ट्रीय नियमांत हंगामी पिकांसाठी सामान्यतः 2 वर्षांचा रूपांतरकाल असतो. या काळात उत्पादन घटण्याची शक्यता असते आणि सेंद्रिय मालाचा पूर्ण भावही मिळत नाही, तेव्हा सगळी जमीन एकदम न बदलता वरच्या, बाहेरचे पाणी न येणाऱ्या खाचरांपासून आरंभ करणे शहाणपणाचे ठरते.

जुलैतील लावणी घरच्या माणसांच्या बळावर आटोपत नाही. तेथे सावड, म्हणजे मजुरीऐवजी श्रमाची परतफेड, अजूनही उपयोगी पडते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ पुण्यातील ग्राहकाला ओळखीचा असल्याने थेट विक्रीस वाव आहे, मात्र गिरणीत आधीच्या घाण्याचे दाणे मिसळू नयेत म्हणून यंत्र झाडून घेणे आणि सुरुवातीचा थोडा तांदूळ घरी ठेवणे आवश्यक असते. पेंढा मात्र विकू नये; तो गोठ्यात गेला तरच पुढच्या वर्षीच्या उकिरड्यात भर पडते.