लेझरचे भोक, विजेची सफाई

विमानाच्या जेट इंजिनात जळलेला वायू टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर आदळतो, तेव्हा त्याचे तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या वर असते. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात, तो १३५० अंशांच्या आसपास वितळू लागतो. तरीही पाती हजारो तास टिकतात, कारण ती आतून पोकळ असतात. त्या पोकळीत खेळवलेली तुलनेने थंड हवा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या भोकांतून बाहेर पडते आणि पात्याच्या पृष्ठभागावर चादरीसारखी पसरते. वितळवणारा वायू आणि धातू यांच्यामध्ये हाच मुख्य आडोसा! त्यामुळे ही भोके नीट पडली आहेत की नाहीत, हा प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे.

अशा चिवट धातूत तिरपी, बारीक भोके पाडायला साधे ड्रिल कामाचे नाही. लेझर हे काम काही सेकंदांत करतो. पण वितळलेला सगळाच धातू बाहेर उडत नाही. काही भाग भोकाच्या भिंतीवरच पुन्हा गोठतो आणि त्या थराला सूक्ष्म तडे जातात. आधुनिक पाती एकाच अखंड स्फटिकाची ओतलेली असतात; हे तडे ती अखंडताच मोडतात. तप्त आणि प्रचंड वेगाने फिरणाऱ्या पात्यात असा तडा पुढे सरकला, तर पातेच तुटू शकते.

दुसरा मार्ग विद्युत-रासायनिक. पाते धनाग्राला जोडायचे, हत्यार ऋणाग्राला आणि मधून मिठाचे द्रावण वेगाने वाहते ठेवायचे. धातू अणू-अणूने विरघळतो. उष्णतेचा ताण नाही, तडे नाहीत, हत्यारही झिजत नाही. अडचण वेगाची आहे. फॅरेडेच्या नियमानुसार १ ॲम्पियर प्रवाह तासभर वाहिला, तरी जेमतेम १.१ ग्रॅम निकेल विरघळते. शिवाय प्रवाह इकडेतिकडे पसरून नको तिथलाही धातू खातो.

म्हणून संशोधकांनी दोन्ही एकत्र आणले. एका पद्धतीत द्रावणाची बारीक धार आणि लेझरचा किरण एकाच अक्षावरून पात्यावर पडतात. पाणी फारसा शोषत नाही, असा हिरवा लेझर इथे सोयीचा ठरतो. तो समोरचा धातू फोडत जातो. धार कचरा वाहून नेते, भिंत थंड ठेवते आणि त्याच वेळी वीज गोठलेला थर विरघळवते. लेझरच्या उष्णतेने नेमक्या त्याच जागी रासायनिक क्रियेलाही वेग येतो. ऋणाग्रावर निघणारे हायड्रोजनचे बुडबुडे मात्र किरण विखुरतात. त्यामुळे धारेचा दाब, विजेचे स्पंद आणि लेझरचे स्पंद यांचा मेळ घालण्यातच खरे कौशल्य आहे.

या जोडीची गरज पात्यांवरच्या उष्णतारोधक सिरॅमिकच्या लेपाने आणखी वाढवली आहे. त्या लेपातून वीज वाहत नाही, त्यामुळे विद्युत-रासायनिक पद्धत तिथे पहिल्याच थराशी अडते. लेझर तो लेप भेदतो; पण खालच्या धातूत मागे राहिलेली इजा काढायला वीजच लागते. इंजिन जितके अधिक तापवू, तितके ते कमी इंधनात अधिक काम करते. तापमानाची मर्यादा पुढे ढकलायची, तर आधी या भोकांच्या भिंती निर्दोष व्हायला हव्यात.