शिंप्याचा मुलूख, खेकड्याचा डोंगर

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की कोकणात रात्री भाताच्या बांधांवर बॅटऱ्या फिरू लागतात. उन्हाळाभर बिळात ओल धरून बसलेले मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, बाहेर आलेले असतात. त्याच दिवसांत सकाळी परड्यात शिंपी पक्षी ओरडत असतो. वजन जेमतेम आठ-नऊ ग्रॅम, आवाज मात्र वाडीभर जाणारा.

शिंप्याचं घरटं बहुतेकांना ठाऊक असतं. मादी रुंद पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडते, त्यांतून कापसाचा नाहीतर कोळिष्टकाचा धागा ओवते आणि पानाचा द्रोण करते. भोकातून बाहेर आलेलं धाग्याचं टोक पिंजून फुगतं, तेवढ्यावर टाका टिकतो. आत तीन-चार अंडी. ती उबवायला साधारण बारा दिवस, आणि त्यापुढे दोनेक आठवड्यांत पिल्लं उडूनही जातात.

मुठ्याची मादी घरटं बांधत नाही. पोटाखाली दुमडलेल्या रुंद झापेतच ती अंडी सांभाळते. खाडीतल्या चिंबोरीची अंडी लाखांनी; तिची डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं पाण्याबरोबर दूर वाहत जातात. मुठ्याची अंडी मोठी आणि मोजकी. त्यांतून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो, आठ पाय आणि दोन नांग्यांसकट, आणि काही दिवस आईलाच चिकटून राहतो. मला हे शिंप्याच्या टाक्यांइतकंच नवलाचं वाटतं.

पण असं पिल्लू वाहत कुठे जात नाही, चालेल तेवढंच त्याचं जग. शेतातला मुठा निदान खोऱ्याखोऱ्यांतून पसरला. सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारांवरच्या, आणि घाटमाथ्यावरच्या त्याच्या छोट्या भाऊबंदांना मधला कोरडा उतार भिंतीसारखा आडवा येतो, कारण कल्ले सुकले की श्वास संपला. पिढ्यान्‌पिढ्या असं अडकून राहिल्यानं डोंगरागणिक वेगळ्या जाती घडल्या. 2016 साली एकाच शोधनिबंधात सह्याद्रीतल्या खेकड्यांच्या पाच नव्या जाती नोंदल्या गेल्या. तिकडे शिंपी पाकिस्तानपासून पार जावापर्यंत एकाच जातीचा.

चिऱ्याच्या खाणीसाठी सडा कापला, तर शिंपी पलीकडच्या बागेत नवं पान शिवायला घेतो. त्या सड्यापुरत्याच असलेल्या खेकड्याला पलीकडे जायला वाटच नसते.