अकरा ओळींचा धडा

२२ मार्च २०१६ रोजी जगभरातल्या जावास्क्रिप्ट प्रोग्रामरांची कामे एकाएकी अडली. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे एक पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या सार्वजनिक भांडारातून काढून घेतले होते. बिलाचा क्रमांक ४२ असेल आणि तो ०००४२ असा छापायचा असेल, तर डावीकडे शून्ये भरायची, एवढेच त्याचे काम. कोड अवघा अकरा ओळींचा. पण बेबलसारखी मोठी साधनेही त्याच्यावर विसंबून होती. काही तासांतच एनपीएमने ते पॅकेज परत आणले. पुढच्या वर्षी ही सोय खुद्द भाषेतच आली.

भाषेबरोबर मिळणाऱ्या अशा तयार कोडला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. फाइल वाचणे, यादी क्रमाने लावणे, तारखा मोजणे ही रोजची कामे त्यात असतात. मग सगळेच त्यात का घालू नये?

याचे उत्तर जावात सापडते. १९९६ मध्ये जावा आली तेव्हाच तारखेसाठी ‘डेट’ हा क्लास तिच्यासोबत होता. त्यात वर्ष १९०० पासून मोजायचे आणि महिने शून्यापासून. १५ जानेवारी २०२४ हवी म्हणून २०२४, १, १५ असे आकडे दिले, की हाती येते १५ फेब्रुवारी ३९२४! पुढच्याच वर्षी ही पद्धत वापरू नका, असे जाहीर झाले. धड पर्याय मात्र २०१४ मध्ये, जावा ८ बरोबर आला. जुना क्लास आजही तिथेच आहे, कारण तो काढला तर त्यावर चालणारे असंख्य प्रोग्राम बंद पडतील. स्टँडर्ड लायब्ररीत घातलेली चूक अशी वर्षानुवर्षे सांभाळावी लागते.

‘बॅटरीज इन्क्लुडेड’ हे पायथनचे ब्रीद. सगळे सोबत मिळते, म्हणूनच ती नवशिक्यांना जवळची वाटली. पण काळाबरोबर काही बॅटऱ्या संपल्या. दूरच्या संगणकाशी जोडून देणाऱ्या टेलनेटचेच पाहा: त्यात पासवर्डसुद्धा उघडावाघडा जातो. अशी मॉड्यूल्स काढण्याचा प्रस्ताव २०१९ मध्ये आला आणि २०२४ च्या पायथन ३.१३ मध्ये १९ मॉड्यूल्स गेली. दरम्यान २०२२ मध्ये सेटिंग्ज लिहिण्याच्या ‘टॉमल’ फाइल वाचण्याची सोय आत आली. जुने काढायचे आणि पारखून नवे घ्यायचे, हाच जिवंत लायब्ररीचा व्यवहार.

रस्ट या भाषेने उलटी वाट धरली. तिथे यादृच्छिक संख्या हवी असली तरी सहसा ‘रँड’ हे बाहेरचे पॅकेज घेतात. त्यामुळे भाषा सुटसुटीत राहते, पण प्रत्येक पॅकेजमागे आणखी एका अनोळखी माणसावर भरवसा ठेवावा लागतो. २०१८ मध्ये एनपीएमवरच्या ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या पॅकेजची देखभाल नव्या हाती गेली आणि त्यातून बिटकॉइन चोरणारा कोड लोकांच्या प्रोग्राममध्ये शिरला. गो भाषेने मात्र वेब सर्व्हर आणि सांकेतिकीकरण आतच ठेवले आहे. नेमक्या याच जागी चूक महागात पडते, म्हणून मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

तेव्हा लायब्ररी मोठी की लहान, हा खरा प्रश्नच नाही. जे सर्वांना लागते, ज्याचे रूप स्थिरावले आहे आणि जिथे चूक परवडत नाही, ते आत असावे. जे रोज बदलते, ते बाहेरच बरे. आणि प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींना एक सांगणे: बाहेरचे पॅकेज घेण्याआधी, तेच काम आपल्या भाषेच्या लायब्ररीत आधीपासून आहे का, ते पाहा.