फ्रिज रांजणगावचा, गिऱ्हाईक चीनचे

चिनी मालावर बहिष्काराची हाक आली, की नेम धरला जातो तो मोबाइल आणि फ्रिजवर. पण चिनी नावाचा फ्रिज चीनमधूनच येतो, हा गैरसमज. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत हायरचे फ्रिज 2007 पासून बनतात. कंपनी चीनमधल्या चिंगदाओची, कारखाना नगर रस्त्यावरचा. त्याच वसाहतीत कोरियाची एलजीही आहे.

याच्या उलटा समजही तितकाच पक्का: माल इथे जुळवला, की परावलंबन संपले. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्राने शीतकवायू भरलेल्या एसींची आयात बंद केली. तयार एसी थांबले, पण चीनमधून कॉम्प्रेसर येतच राहिले. म्हणूनच एसींसाठीच्या 2021 च्या प्रोत्साहन योजनेत नुसत्या जुळणीला पैसे नाहीत. ते सुट्या भागांना आहेत. हे शहाणपण जरा आधी सुचले असते तर बरे झाले असते.

व्यापारयुद्ध म्हणजे आयातशुल्क, असेही अनेकांना वाटते. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने शुल्क वाढवले, तेव्हा चीनने शुल्कासोबत दुसरेही हत्यार काढले. सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांची चुंबके परवान्याशिवाय देशाबाहेर जाणार नाहीत, असे 4 एप्रिलला जाहीर झाले. ही बंदी नव्हती. चुंबक कशासाठी लागते याची कागदपत्रे द्या आणि थांबा, एवढेच. जगातली अशी सुमारे 90 टक्के चुंबके चीन बनवतो, त्यामुळे तेवढेही पुरेसे ठरले. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये हीच चुंबके लागतात. ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असा इशारा जुलैत बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी दिला. भांडण वॉशिंग्टन-बीजिंगचे, खोळंबा पुण्यात.

राहिला शेवटचा समज: चीन विकतो, आपण फक्त घेतो. औषधांच्या कच्च्या मालाबाबत तो बराचसा खरा आहे. पण दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला क्लीन सायन्स ही कंपनी ॲनिसोलपासून एमईएचक्यू हे रसायन बनवते. ॲक्रिलिकचा कच्चा माल साठवणुकीत किंवा वाहतुकीत आपोआप घट्ट होऊ नये म्हणून ते अगदी थोडे मिसळतात. रंगांपासून डायपरपर्यंत ॲक्रिलिक सगळीकडे लागते आणि त्याचे मोठे कारखाने चीनमध्ये आहेत. साहजिकच 2021 मध्ये शेअर बाजारात उतरलेल्या या कंपनीची चीन ही मोठी बाजारपेठ होती. 2023-24 मध्ये तिची विक्री घटली, त्यात चीनमधल्या मंदावलेल्या मागणीचाही वाटा होता.