दातातल्या सिमेंटला रक्त काय म्हणते?

मधल्या सुट्टीत पकडापकडी खेळताना आठ वर्षांचा मुलगा व्हरांड्याच्या खांबावर आपटतो. ओठ सुजतो आणि वरच्या समोरच्या दाताचा कोपरा गायब! तुटलेल्या जागी मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका. "दुधाचाच असेल, पडेल नि नवा येईल," असे म्हणून आजी मुलाला जवळ घेते. पण आठव्या वर्षी हा दात बहुधा दुधाचा नसतो. नुकताच आलेला, जन्मभर पुरवायचा दात असतो तो. आणि तो लाल ठिपका म्हणजे दाताचा जिवंत गाभा, ज्याला आपण बोलण्यात 'नस' म्हणतो.

दात बाहेर आला म्हणून तो पुरा झाला असे नाही. मुळाची वाढ पूर्ण व्हायला त्यापुढे आणखी दोन-तीन वर्षे लागतात. तोवर मुळाच्या भिंती पातळ आणि टोक उघडे असते. त्या भिंती जाड करण्याचे काम हा गाभाच करतो. तोच मेला, तर दात दिसायला उभा राहतो खरा, पण आतून अंड्याच्या कवचासारखा. पुढे कधीतरी छोट्याशा धक्क्यानेही मोडतो. म्हणून अशा वेळी जाणता दंतवैद्य सगळी नस काढून टाकण्याची घाई करत नाही. गाभ्याचा वरचा दोनेक मिलिमीटरचा थर काढतो, रक्त थांबवतो आणि उरलेल्या जिवंत भागावर औषधी लेप ठेवून दात बंद करतो. स्वीडनमधील मिओमिर स्वेक यांनी १९७८ मध्ये अशा साठ दातांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातले शेकडा ९६ दात बरे झाले होते.

आता प्रश्न असा, की जिवंत मांसावर परका पदार्थ ठेवला तर शरीर तो मुकाट्याने सोसते का?

पहारेकरी आणि गवंडी

मुळीच नाही. जखम होताच रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या दिशेने निघतात. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल पोचतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत यांचीच संख्या सर्वांत जास्त. या लढतात आणि थोड्याच काळात मरतात. त्यांच्या मागोमाग मोनोसाइट येतात. त्या रक्तवाहिनीतून बाहेर पडून ऊतीत शिरल्या, की त्यांच्या भक्षक पेशी म्हणजे मॅक्रोफेज होतात.

या भक्षक पेशी मोठ्या मजेदार. जंतू दिसले की त्या दाहक रसायने सोडतात, आणखी कुमक बोलावतात. सूज, ठणका ही सगळी त्यांचीच करणी. पण धोका टळला असे वाटले की त्याच पेशी कात टाकतात: मेलेले कण साफ करतात, नव्या रक्तवाहिन्यांना आणि ऊतींना वाढीचे संदेश देतात. पहाऱ्यावरचा शिपाईच जणू गवंडी होतो. शरीरात अर्थात या दोन टोकांच्या मधल्या कितीतरी अवस्था असतात. दाताच्या गाभ्याचे भवितव्य मात्र बऱ्याच अंशी हे रूपांतर वेळेवर होते की नाही यावर ठरते. चहूबाजूंनी कठीण भिंती असलेल्या त्या चिमुकल्या खोलीत सूज रेंगाळणे परवडत नाही.

दोष लेपाचा की जंतूंचा?

पूर्वी समज असा, की उघडा पडलेला गाभा मरणारच. १९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढा कोरून गाभा उघडा पाडला. काही उंदीर नेहमीचे, तर काही संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले. नेहमीच्या उंदरांच्या दाढांत पू झाला, गाभा कुजला. निर्जंतुक उंदरांच्या दाढांत मात्र अन्नाचे कण अडकूनही छिद्रावर नवे कठीण आच्छादन तयार झाले! खरा शत्रू जंतू आहेत हे तेव्हा कळले. लेप कितीही उत्तम असो, कडेने लाळ झिरपली की पेशींचा गवंडीपणा संपला, पुन्हा लढाई सुरू.

पानातला चुना, घराचे सिमेंट

लेपांचा इतिहास आपल्याला परका नाही. १९२० मध्ये जर्मनीत हर्मान यांनी दंतोपचारात आणलेले कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरलेला चुना, आपण पानाला लावतो तोच. (अर्थात, डब्यातला चुना दातावर लावायचा नाही, हे सांगायला हवेच.) तो जहाल अल्कधर्मी असतो. स्पर्श होताच गाभ्याचा वरचा थर मरतो, आणि त्या मेलेल्या थराखाली पेशी कठीण पूल बांधू लागतात. खोट इतकीच, की या पुलात बारीक बोगदे राहतात आणि चुना काळाने विरघळत जातो.

१९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठातून महमूद तोराबिनेजाद यांचे नवे द्रव्य पुढे आले: एमटीए. गंमत म्हणजे हा बांधकामाच्या पोर्टलंड सिमेंटचाच शुद्ध केलेला भाऊबंद. "दातात सिमेंट भरून आलो" असे आपण सरसकट म्हणतो, ते इथे शब्दशः खरे ठरते! पाणी मिसळले की यातूनही चुनाच तयार होतो, पण सिमेंट घट्ट होऊन जागा बंद करते आणि कॅल्शियम सावकाश सोडत राहते. तोटे दोन: घट्ट व्हायला पावणेतीन तास लागतात, आणि समोरचा दात काळपट पडू शकतो. पुढे आलेले बायोडेंटिन सुमारे बारा मिनिटांत घट्ट होते.

रक्ताची साक्ष काढतात ती प्रयोगशाळेत. निरोगी माणसाचे थोडे रक्त घेऊन यंत्रात फिरवतात, पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, आणि त्या द्रव्याचा अर्क पेशींच्या बशीत सोडतात. पेशी किती जगल्या, त्यांनी दाह वाढवणारी रसायने सोडली की शमवणारी, हे मोजतात. साधारणतः दिसते ते असे, की ताज्या, ओल्या सिमेंटचा दाट अर्क पेशींना झोंबतो. घट्ट झालेल्या सिमेंटचा किंवा पातळ अर्क त्या चांगल्या सोसतात. मात्र बशीतला निकाल म्हणजे तोंडातला निकाल नव्हे. तिथे लाळ नसते, रक्ताचा प्रवाह नसतो, चावण्याचा दाबही नसतो.

याउलट दातासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या रेझिन भरणातले न जोडले गेलेले रेणू पाहा. प्रयोगांत ते पेशींना मारतात. आणि कमी मात्रेत, जंतूंविरुद्ध आरडाओरडा करण्याची भक्षक पेशींची ताकदच घटवतात. वरवर शांतता, पण पहारेकरी झोपलेला. म्हणून रेझिन वरून चालते, थेट गाभ्यावर नको. लवंगेच्या तेलाचेही तसेच. ठणका थांबवते हे खरे, पण उघड्या गाभ्यावर ते पेशींना मारक ठरते, आणि हिरडीवर सांडले तर भाजते.

स्वतःच्याच रक्ताचा लेप

२००१ मध्ये फ्रान्समधील जोसेफ शुक्रून यांनी तर रक्तच औषध म्हणून वापरले. हाताच्या शिरेतून काढलेले रक्त, गोठू नये म्हणून काहीही न घालता, लगेच यंत्रात फिरवायचे. मधोमध पिवळसर, जेलीसारखी गुठळी जमते. तिला पीआरएफ म्हणतात. तिच्यात पांढऱ्या पेशी आणि बिंबिका अडकलेल्या असतात. दाढ काढलेल्या खड्ड्यात किंवा हिरडीच्या शस्त्रक्रियेत ती वापरतात. मात्र "तुमच्या रक्तातून नवा दात" असे कुणी सांगू लागले तर खिसा सांभाळावा. नवा दात त्यातून उगवत नाही.

रुग्णाचे स्वतःचे रक्तही बघायला हवे. मधुमेह ताब्यात नसेल तर न्यूट्रोफिल नीट लढत नाहीत. तंबाखू-मिश्रीनेही जखम भरण्यात अडथळा येतो.

तर त्या आठ वर्षांच्या मुलाचे काय? दाताचा तुकडा सापडला तर तो दुधात किंवा पाण्यात ठेवून सोबत न्यावा. पुष्कळदा तो परत चिकटवता येतो. जखमेवर हळद, लवंगतेल काही लावू नये. शक्यतो त्याच दिवशी दंतवैद्य गाठावा. एखादा दिवस गेला तरी आशा सोडू नये, कारण स्वेक यांच्या रुग्णांत उशिरा आलेलेही होते. "गाभा वाचवता येईल का?" आणि "लाळ लागू नये म्हणून रबर डॅम लावणार का?" हे दोन प्रश्न विचारायला संकोच नको. दुखणे थांबले म्हणून पुढच्या तपासण्या मात्र चुकवू नयेत. सहा महिन्यांनी आणि वर्षाने काढलेल्या एक्स-रेमध्ये मुळाच्या भिंती जाड होताना आणि उघडे टोक हळूहळू मिटताना दिसले, की समजावे, आतले गवंडी कामावर आहेत.