जुनी पिकअप घेताय? इसार देण्याआधी भर घालून घाट चढवून बघा

संगमनेर (प्रतिनिधी) : पहाटेची वेळ. टोमॅटोचे कॅरेट भरलेली पिकअप चंदनापुरी घाट चढतेय. ड्रायव्हर ॲक्सिलेटर दाबतो, इंजिन ओरडतं, पण गाडी काही ओढत नाही. केबिनमध्ये जळकट वास सुटतो. गाडी कडेला घ्यावी लागते. मग दुसरी गाडी शोधा, भररस्त्यात माल पलटी करा, टोचन लावून पिकअप खाली आणा. तोवर लिलाव उरकलेला असतो. हंगामात असा प्रसंग कुणावर ना कुणावर येतोच. त्यात बऱ्याचदा गाडी असते नुकतीच घेतलेली, जुनी.

विकणाऱ्याचं बोलणं ठरलेलं असतं, 'दादा, घरची गाडी हाय, भर कधी घातलाच नाही.' घेणारा इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो, रंग बघतो, रिकामी गाडी गावात एक चक्कर मारतो आणि इसार देतो. गिअरबॉक्स आणि क्लचची खोड मात्र रिकाम्या गाडीत सहसा लपून राहते. ती कळते भर घातल्यावर, चढावर. म्हणून तपासणी तिथेच व्हायला पाहिजे.

ताकद चाकापर्यंत कशी जाते?

इंजिनची ताकद आधी क्लच प्लेटवर येते. तिथून गिअरबॉक्समध्ये, मग लांब फिरणाऱ्या प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या हाऊसिंगमधल्या क्राऊन-पिनियनला आणि शेवटी चाकाला. या साखळीत एक कडी ढिली झाली तरी गाडी 'ओढत नाही' किंवा 'आवाज करते'. पण प्रत्येक कडीचा खर्च वेगळा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग बदलायचं काम तुलनेनं स्वस्तात होतं. गिअरबॉक्स किंवा क्राऊन-पिनियन उघडलं तर खर्च कितीतरी पटीनं वाढतो. त्यामुळे नेमकं काय गेलंय हे ओळखता आलं, तर भाव करतानाही उपयोग होतो आणि पुढे दुरुस्तीला गेल्यावरही.

क्लच की गिअरबॉक्स?

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर गिअर सहज पडतात, पण इंजिन चालू केलं की एकही नीट पडत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं, असं असेल तर दोष बहुतेक क्लचचा. क्लच पूर्ण सुटत नाही. कधी नुसतं ॲडजस्टमेंट किंवा क्लचच्या ऑइलची गळती एवढंच कारण निघतं. बाकी गिअर व्यवस्थित, पण एखादाच गिअर त्रास देतो, तेव्हा दोष गिअरबॉक्सच्या आत समजायचा.

आता इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलला ठेवा. पाय क्लचवरून काढल्यावर घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग घासलेलं असू शकतं. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगकडे संशय घ्या. गिअरबॉक्सपेक्षा हे काम बरंच लहान.

क्लच प्लेट तपासायची तर गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, पुढे कुणाला उभं करू नका. तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. प्लेट चांगली असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडेल. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करा, सारखी केली तर चांगली प्लेटही जळते.

चालवताना कान उघडे ठेवा

दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबा आणि एकदम सोडा. दांडा आपोआप न्यूट्रलला येत असेल, म्हणजे गिअर सुटत असेल, तर आतले दात किंवा लॉक झिजलेत. उतारावर असा गिअर सुटला तर इंजिनचा अडसर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तेव्हा हा दोष पैशाचा आहे तसा जिवाचाही आहे.

तिसऱ्यावरून दुसरा टाकताना दर वेळी करकर होत असेल तर सिंक्रो रिंग झिजलेल्या असतात. गाडी उचलताना मागून 'खट्ट' आवाज येतो, तो शाफ्टच्या जॉइंट क्रॉसचा किंवा क्राऊन-पिनियनमधल्या खेळाचा. इंजिन बंद करून, चाकाला दगड लावून शाफ्ट हातानं हलवून बघितला की क्रॉस ढिला आहे का ते समजतं. वेगात असताना मागून घूं-घूं येतं आणि ॲक्सिलेटर सोडल्यावर तो आवाज बदलतो, तेव्हा क्राऊन-पिनियन नीट तपासून घ्या.

आणि महत्त्वाचं, गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. बोनेटला हात लावून बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर थंडपणी गिअर अडतो की नाही ते कळणार नाही. थंड गाडी बघून झाली की अर्धा-पाऊण तास चालवा आणि गरम झाल्यावर सगळे गिअर परत टाकून बघा. आवाज दाबायला कुणी जाड ऑइल भरलेलं असतं, तेही गरम होऊन पातळ झालं की बोलायला लागतं.

ऑइल सगळं सांगतं

थोडे पैसे देऊन आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्या आणि गिअरबॉक्सचं ऑइल बघायला लावा. ड्रेन बोल्टला राखाडी लगदा थोडा असेल तर घाबरायचं कारण नाही, ती रोजची झीज. पण चमकणारे तुकडे, लोखंडाचे कण बोटाला टोचत असतील तर आत दात किंवा बेअरिंग तुटतंय. ऑइल दुधासारखं पांढरट झालं असेल तर आत पाणी गेलंय. ओढ्याच्या, पुराच्या पाण्यातून काढलेल्या गाडीत हे दिसतं. जळका वास आणि कमी पातळी म्हणजे गाडी ऑइलशिवाय पळवली असण्याची शक्यता. मागच्या हाऊसिंगचं ऑइलही असंच बघा.

किती चालली, त्यापेक्षा कशी चालली

मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो फिरवता येतो. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, दांड्याची मूठ, सीट यांची झीज आकड्याशी जुळते का बघा. शिवाय डांबरी रस्त्यावर दूध वाहून जास्त किलोमीटर चाललेली पिकअप ही वाळू-विटांवर कमी चाललेल्या पिकअपपेक्षा बरी निघू शकते. मागच्या स्प्रिंगला जादा पाटे टाकलेत का, चेसीला नवीन वेल्डिंग आहे का, हे वाकून बघा. पाटे वाढवलेत म्हणजे भर वाढवला होता. पाटे वाढले तरी क्लच आणि क्राऊन-पिनियनची ताकद तेवढीच राहते.

भर किती घालायचा हे आरसीवरच कळतं. एकूण वजनातून रिकामं वजन वजा करायचं. समजा एकूण २,९०० किलो आणि रिकामी १,७०० किलो, तर उरले १,२०० किलो. २० किलोचे ६० कॅरेट झाले की हिशेब संपला आणि त्यातच ड्रायव्हर, बसलेली माणसं, रिकाम्या कॅरेटचं वजनही आलं. अशा गाडीत १०० कॅरेट रचले की नुसता माल २,००० किलो. एवढ्या भरानं घाटात अर्धा क्लच धरून गाडी चढवली तर नवी प्लेटही टिकत नाही. पकडलं तर मोटार वाहन कायद्यानुसार ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार, तो वेगळाच.

कागदही तपासा

आरसी, फिटनेस, विमा आणि बँकेचा बोजा एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून बघता येतो. थकलेली ई-चलनंही काढून घ्या. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो, तो खर्च हिशेबात धरा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवायला बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ लागतो. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी आधी मागा. नुसत्या स्टॅम्प पेपरवर गाडी ताब्यात घेऊ नका.

घेतल्यावर

दोन्हीकडचं ऑइल कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच टाका आणि टाकल्याची तारीख, किलोमीटर लिहून ठेवा. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची नाही, दांड्यावर हात टेकवून ठेवायचा नाही. भरलेली गाडी पहिल्या गिअरवरच उचलायची. घाटात ज्या गिअरनं चढाल साधारण त्याच गिअरनं उतरायचं, न्यूट्रल कधीच नाही.

गाडीत दोष निघाला म्हणजे ती सोडूनच द्यायची असं नाही. क्लचचं काम असेल तर मिस्त्रीकडून खर्च काढून घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. गिअर सुटत असेल किंवा ऑइलमध्ये लोखंड निघालं तर मात्र स्वस्ताच्या मोहात पडू नका. आणि 'भर घालून चढावर बघू' म्हटल्यावर विकणारा टाळाटाळ करायला लागला, तर तिथंच राम राम करून निघा. पिकअपा बाजारात पुष्कळ आहेत, तोडलेला टोमॅटो मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.